आजीच्या देवघरातले रामटंके खरे जुने आहेत का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आजीच्या देवघरातल्या कुंकवाच्या डबीत दोन रामटंके, म्हणजे रामसीतेचं चित्र असलेली पूजेची नाणी, सापडलीयत, दिवाळीला लक्ष्मीपूजनात ठेवायची ती, म्हणे घरात बरकत राहते. एक पितळी, त्यावर एका बाजूला रामदरबार आणि दुसरीकडे ईस्ट इंडिया कंपनी, हाफ आना, १८१८. आता एवढं वाचलंय की कंपनीने असं रामदरबारवालं नाणं कधी पाडलंच नाही, सगळी नंतरची टोकन आहेत, आणि तसंही १८१८ ला पेशवाई बुडाली आणि कंपनी लगेच रामाचं नाणं काढतेय, हे काही पटत नाही बुवा 😄

दुसरं मात्र चांदीसारखं वाटतं, रामसीता बसलेले, लक्ष्मण बाजूला, अक्षरं नागरी पण झिजून गेलीयत, फक्त 'जानकी' नीट वाचता येतं. वजन ११.४ ग्रॅम भरलं, म्हणजे जुन्या रुपयाच्या (११.६६) जवळपास. लोहचुंबकाला चिकटत नाही पण त्यावरून चांदीच असं थोडीच ठरतं. सोनाराकडे नेलं तर तो लगेच घासायला बसतो म्हणून नेलं नाही.

तर कडेवरून किंवा ठशावरून जुना रामटंका कसा ओळखायचा? आणि कुंकू बसलंय ते साध्या पाण्याने काढू का तसंच राहू दे? आई पितांबरी घेऊन तयारच आहे, तिला कसंबसं थांबवलंय.

विकायचं नाहीये, त्यामुळे तांदूळ ओढणारं 'चमत्कारी' नाणं वगैरे म्हणून लाखोंच्या ऑफर देणाऱ्यांनी प्लीज इनबॉक्समध्ये येऊ नका.