मदत हवी आहे: जुन्या घरमालकाच्या ‘थकबाकी’मुळे कौन्सिलचं घर अडलंय

नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये मिडलँड्सला राहतो. मी, बायको, दोन मुली, एकच बेडरूम. आयएलआर (इथे कायमचं राहण्याची परवानगी) मिळाल्यावर कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, घरासाठी अर्ज केला, तो नाकारला. कारण काय, तर जुन्या घरमालकाने रेफरन्समध्ये माझ्याकडे १,४५० पौंड भाडं थकल्याचं लिहिलंय.

हे पैसे मी देणं लागतच नाही. २०२१ मध्ये रीतसर महिन्याची नोटीस देऊन ३० जूनला किल्ल्या एजंटच्या हातात दिल्या. त्याच्या टेबलावरच्या किल्ल्यांचा फोटो आहे, मागे भिंतीवरचं घड्याळसुद्धा दिसतंय. घरमालक महाशय म्हणतात ताबा ऑगस्टअखेर मिळाला, म्हणून दोन महिन्यांचं भाडं. कोर्टात मात्र गेले नाहीत. जातील कशाला, नुसत्या रेफरन्सवर काम भागतंय!

१९९६ च्या हाउसिंग ॲक्टखाली कौन्सिलच्या निर्णयाचा रिव्ह्यू (फेरविचार) मागता येतो, तो मागणार आहे. बँक स्टेटमेंट, नोटीसचा ईमेल आणि फोटो जोडतोय. आणखी काय जोडावं?

मित्र म्हणतो, महिना दहा-दहा पौंड फेडायचं लिहून दे, अर्ज मोकळा होईल. पण लेखी कबुली दिली की घरमालकाच्या दाव्याची सहा वर्षांची मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. शिवाय न केलेलं कर्ज मान्य करायचं मन होत नाही.

शेल्टर किंवा सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थांकडून कुणी असं प्रकरण सोडवलंय का? रिव्ह्यूच्या पत्रात नेमकं काय लिहिलंत?