डोकं मागून चपटं: मोहरीची उशी, मालिश की हेल्मेट?

चिंगीची_आई

मुलगी, 4 महिने 10 दिवस, पूर्ण दिवसांची. जन्मताना डोकं गोल होतं, दुसरा महिना सरताना मागची बाजू सपाट व्हायला लागली. आता वरून पाहिलं तर कानांच्या वर रुंदी 12.6 सेंमी, कपाळापासून मागे लांबी 13.4, घेर 40.8. टाळू मऊ आहे. उताणी झोपते, मान बहुतेक वेळ उजवीकडे.

घरातून तीन सल्ले आहेत: मोहरीची उशी लावा, न्हाऊ घालणाऱ्या मावशींकडून दाबून घ्या, नाहीतर सरळ हेल्मेट करा. यातलं नेमकं काय करायचं? आणि एक बारीकशी शंका. डॉक्टरांनी कागदावर 'ब्रॅकिसेफॅली' लिहिलंय. आमच्या पग कुत्र्याच्या फाइलवरही हाच शब्द आहे. दोन्ही एकच का?

मान_सरळ_ठेवा

शब्द फक्त मोजमाप सांगतो, कारण सांगत नाही. रुंदी भागिले लांबी गुणिले 100 हा निर्देशांक, तुमच्या आकड्यांनी 94. जुन्या वर्गवारीत 80 च्या वर गेलं की डोकं 'आखूड', म्हणजेच ब्रॅकिसेफॅली, पण उताण्या झोपणाऱ्या तान्ह्यांत 80 ते 90 अगदी सर्रास दिसतं. 94 म्हणजे सपाटपणा आहे, लक्ष द्यायला हवं. घाबरायचा आकडा नव्हे.

आधी मोजणी तपासा. शिंप्याची टेप इथे चालत नाही, ती वळते आणि सरळ अंतर देत नाही. बाळाला कुणाच्या तरी मांडीवर बसवा. दोन जाड पुठ्ठ्याची पुस्तकं कानांच्या वर सर्वांत रुंद जागी, न दाबता, एकमेकांना समांतर धरा आणि मधलं अंतर पट्टीने घ्या. लांबी भुवयांच्या मधून मागच्या सर्वांत दूरच्या बिंदूपर्यंत. तीनदा मोजून सरासरी काढा, कारण रुंदीत 3 मिमी चुकलं की निर्देशांक दोनाहून जास्त अंकांनी हलतो.

हे का होतं: कवटीचे सांधे मोकळे असतात आणि मेंदू आतून बाहेर ढकलत असतो. जिथे गादीचा टेका, तिथे वाढ अडते आणि ती कडेला, रुंदीत जाते. हाड आत दबलेलं नसतं, त्याची मागे जायची वाट अडलेली असते. म्हणून मावशींनी कडेने कितीही दाबलं तरी काही होणार नाही. तेल लावू द्या, डोकं 'बसवू' देऊ नका.

टेका काढायचा आणि वाढीला वाट द्यायची, एवढाच उपाय. घेर पहिल्या 3 महिन्यांत महिन्याला साधारण 2 सेंमी वाढतो, पुढचे 3 महिने 1 सेंमी, सहाव्यानंतर अर्धा. म्हणजे तुमच्याकडचे चांगले दिवस आत्ताचे आहेत.

झोप मात्र उताणीच. हा नियम चपट्या डोक्यापायी मोडायचा नाही. अमेरिकेत 1992 पासून उताणं झोपवण्याचा सल्ला दिला गेला, झोपेतले अचानक मृत्यू निम्म्याहून कमी झाले, आणि मागून सपाट डोकी वाढली ती त्यानंतरच. जागेपणी पालथं घाला. दूध पाजून अर्धा तास झाला की, प्रत्येक लंगोट बदलल्यावर 3 ते 5 मिनिटं. रडत असेल तर आधी तुमच्या छातीवर, मग जमिनीवर सतरंजी टाकून, काखेखाली दुपट्याची गुंडाळी देऊन. हळूहळू दिवसाचा एकूण अर्धा ते एक तास व्हायला हवा. मान उजवीकडे जाते ना, मग पाळण्यात डोक्या-पायाची दिशा उलटी करा, म्हणजे दार, खिडकी, माणसं डावीकडे येतील. खुळखुळाही डावीकडूनच. कार सीट आणि बाउन्सर लागेल तेवढेच, तिथेही टेका मागेच असतो.

मोहरीची उशी नको. मोहरी सरकते, खळगा पडतो आणि डोकं त्यात रुतून मान वळणंच थांबतं, म्हणजे जो टेका काढायचा तोच पक्का होतो. वर हनुवटी छातीकडे येऊन श्वासाची वाट अरुंद होते. शिवण उसवली तर दाणे तोंडात. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी नोव्हेंबर 2022 मध्ये डोक्याला आकार देणाऱ्या उशा वापरू नका असा इशारा दिला. चुंबळीचंही तेच.

आता बघायची गोष्ट. एका बाजूला जास्त सपाट असेल तर वरून फोटो काढा. टेक्यामुळे झालं असेल तर सपाट बाजूचा कान पुढे सरकतो, त्याच बाजूचं कपाळही पुढे येतं आणि डोकं समांतरभुज चौकोनासारखं दिसतं. मागचा सांधा अकाली जुळला असेल तर त्या बाजूचा कान मागे-खाली ओढलेला, कानामागे टेंगूळ, आणि आकार समलंब चौकोनाचा. टाळूपासून दोन्ही कानशिलांकडे उतरणारे सांधे जुळले तर कपाळ उंच आणि सपाट होतं, बोट फिरवलं की कण्यासारखी उंच रेघ लागते. अशी रेघ, टाळू लवकर भरणं, जन्मापासूनच सपाट असणं किंवा घेराची रेषा तक्त्यावर खाली घसरणं, यातलं काहीही दिसलं तर उशी-हेल्मेटच्या चर्चेत वेळ न घालवता बालरोगतज्ज्ञांकडून मेंदू-शल्यविशारदांकडे. तुमच्या वर्णनात यातलं काही नाही.

ठाकठीक

हेल्मेटबद्दल. ते दाबत नाही. फुगलेल्या बाजूंना फक्त थोपवून धरतं आणि सपाट जागी आत मोकळी पोकळी ठेवतं, म्हणजे वाढ तिकडे जाते. दिवसाचे 23 तास, आंघोळीपुरतं काढायचं. सुरुवात साधारण 4 ते 6 महिन्यांत. वर्षानंतर फायदा फारसा उरत नाही. मागे सरळ सपाट डोक्यात दोन्ही कडा धरून मागे जागा द्यावी लागते, त्यामुळे तिरप्या डोक्यापेक्षा याला वेळ लागतो.

नेदरलँड्समध्ये 84 बाळांवर झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हेल्मेटवाली आणि बिनहेल्मेटची बाळं 2 वर्षांची होईपर्यंत जवळपास सारखीच सुधारली. यात एक मेख आहे: अतितीव्र सपाटपणाची बाळं त्यात घेतलीच नव्हती. म्हणून 94 ला माझं मत: 6 ते 8 आठवडे वरचं सगळं नेटाने करा, मग मोजा. आकडा जागचा हलला नाही तर हेल्मेटचा विचार.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामोळं हीच खरी अडचण. आतून रोज पुसून कोरडं करायचं, खाली तेल-पावडर लावायची नाही. काढल्यावर लालसर खूण तासाभरात गेली नाही तर तिथे दाब येतोय, फिटिंग दुरुस्त करून घ्या. सांध्यांचा संशय मिटल्याशिवाय कुणीही हेल्मेटचं माप घेत असेल तर तिथून उठा.

शेपूट_वाकडं

पगचं वेगळं. तिथे टेक्याचा संबंध नाही, नाकाडाचं हाडच पिढ्यानपिढ्या निवडून आखूड केलंय. हाड आखूड झालं, पण मऊ टाळा (तोंडाच्या छताचा मागचा मऊ भाग), जीभ, नाकातल्या घड्या त्या मानाने आखडल्या नाहीत. वन रूम किचनमध्ये बंगल्याचं सामान. नाकपुड्या फटीएवढ्या, टाळा घशात लोंबतो, श्वास ओढताना आत इतका ताण येतो की कालांतराने स्वरयंत्रच आत कोसळायला लागतं. घोरण्याचं कौतुक करू नये ते यासाठी.

चाचणी सोपी आहे: दवाखान्यात 3 मिनिटं दुडक्या चालीने पळवायचं, आधी आणि नंतर स्टेथोस्कोपने घसा ऐकायचा, 0 ते 3 अशी श्रेणी देतात. 2 आणि 3 ला नाकपुड्या रुंद करणं आणि टाळा कापून आखूड करणं, तेही स्वरयंत्र बिघडायच्या आत. घरी: वजन आटोक्यात, गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा, उन्हाळ्यात फिरणं सूर्योदयाआधी. कुत्रा धापून अंग थंड करतो आणि याची नेमकी तीच वाट अडलेली. अंग 41 अंशांवर गेलं, जीभ जांभळी पडली तर अंगावर पाणी ओता, पंखा लावा, मग दवाखाना गाठा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, खाली उष्णता कोंडते.

बाळांत याच्याशी खरं साम्य असतं ते क्रूझों किंवा एपर्टसारख्या सिंड्रोममध्ये. त्यात सांधे अकाली जुळतात, चेहऱ्याचा मधला भागही वाढत नाही आणि श्वास घोरतो. टेक्याने सपाट झालेल्या डोक्याचा श्वासाशी काही संबंध नाही.

जुनी_वही

थोडं अवांतर. हाच निर्देशांक स्वीडनच्या रेट्झियसने 1840 च्या दशकात आणला आणि पुढे तो माणसांच्या वंशांवर लावला गेला. 1901 च्या जनगणनेचे प्रमुख रिस्ले यांनी मराठ्यांची डोकी रुंद म्हणून त्यांना 'शक-द्रविड' ठरवलं होतं. दहा वर्षांत मानववंशशास्त्रज्ञ फ्रांझ बोआस यांनी अमेरिकेतल्या स्थलांतरितांची मुलं मोजली तर डोक्याचा आकार एका पिढीत बदललेला निघाला. पाळण्यात कसं झोपवलं याने जो आकडा बदलतो, त्यावर वंश ठरवत होते. पगच्या श्वासविकाराचं इंग्रजी आद्याक्षरी नावही 'बोआस'च, हा निव्वळ योगायोग.

चिंगीची_आई

पुस्तकांनी तीनदा मोजलं: 12.5 आणि 13.5, म्हणजे 92.6. कमी झालं का? रेघ कुठेच लागत नाही. मान डावीकडे हनुवटी खांद्यापर्यंत जात नाही, उजवीकडे सहज जाते.

मान_सरळ_ठेवा

दोन दिवसांत काही कमी होत नसतं, हा मोजण्यातला फरक. 92.6 हा आता तुमचा पहिला आकडा धरा. पुढची मोजणी 4 आठवड्यांनी, त्याच माणसाने, त्याच पुस्तकांनी. घेर मात्र लसीकरणाच्या वेळी डॉक्टरांना तक्त्यावर लावायला सांगा.

मान महत्त्वाची आहे. डावीकडे पूर्ण वळत नाही म्हणजे एका बाजूचा मानेचा स्नायू आखडलेला असू शकतो, आणि तो तसाच राहिला तर पाळणा कितीही फिरवा, डोकं उजवीकडेच पडणार. मानेच्या बाजूला गाठ लागते का बघा आणि याच आठवड्यात लहान मुलांच्या फिजिओथेरपिस्टला दाखवा. ताण देण्याचे व्यायाम त्यांनी हात धरून शिकवल्याशिवाय करू नका. तोवर दूध पाजताना अशा कुशीवर घ्या की तिला डावीकडेच वळावं लागेल.