वाचनाआधीचे शब्द : लहान मुलांच्या वाचनाविषयी अनुभव धागा

तीन ते सात या वयातल्या मुलांना शब्द कसे मिळतात आणि त्यांच्या आधारे ती वाचू कशी लागतात, याविषयीचे आपले अनुभव इथे लिहावेत, ही विनंती. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि २०२१ मध्ये सुरू झालेले निपुण भारत अभियान यांमुळे तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे, हे उद्दिष्ट आता सर्वत्र ऐकू येते. मूल तिथपर्यंत पोहोचेल की नाही, हे त्याने आधी किती शब्द ऐकले आणि स्वतः वापरले यावर बरेचसे ठरते, असे माझे मत आहे. म्हणून कोणते तक्ते भिंतीवर लावले यापेक्षा मुलाशी काय बोललात, हे सविस्तर लिहावे.

पहिलीच्या शिक्षिका, सोलापूर

माझ्या वर्गात मराठीबरोबरच तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुले असतात. वर्णमालेच्या क्रमाने शिकवत गेले, तर मुलाला सुटी क्वचितच भेटणारी ‘ङ’ आणि ‘ञ’ ही अक्षरे लवकर येतात आणि ‘म’, ‘ल’, ‘स’ यांसाठी मात्र त्याला थांबावे लागते. त्यामुळे मी क, म, ल, न, र ही अक्षरे आणि काना एवढ्यावरच सुरुवात करते. त्यातून नाक, कान, मान, काम, लाल, मामा, काका असे ओळखीचे शब्द लगेच जुळतात. घ आणि ध, भ आणि म या जोड्या मी मुद्दाम एकमेकींपासून लांब ठेवते. ‘दिवा’मधली ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, पण उच्चारात नंतर येते. डावीकडून उजवीकडे बोट नेणारे मूल तिथे हमखास अडखळते, म्हणून दीर्घ वेलांटी आधी पक्की करून घेणे मला अधिक योग्य वाटते.

यापेक्षा महत्त्वाची बाब वेगळीच आहे. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतला च लिहायला एकच असला तरी बोलताना वेगळा आहे आणि ‘जाड’ व ‘जीभ’ यांतल्या ज चेही तसेच आहे. हा भेद अक्षराकडे कितीही वेळ पाहिले तरी कळत नाही. ज्या मुलाने गाडीच्या चाकाविषयी बोलणे ऐकले आहे, ते सुरुवातीला ‘चार’मधला च उच्चारते, क्षणभर थांबते आणि आपण होऊन उच्चार सुधारते. ज्याला तो शब्दच ठाऊक नाही, ते चुकीचा उच्चार करून पुढे जाते आणि आपण वाचले असे समजते. म्हणून धडा उघडण्याआधी त्यातल्या वस्तू वर्गात आणून त्यांवर भरपूर बोलणे हा माझ्या दृष्टीने वाचनाचाच तास आहे.

अंगणवाडी सेविका, डहाणू तालुका

आमच्या पाड्यातली मुले घरी वारली बोलतात. याच भागात ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह ते काम वाढवले. पाने, बिया आणि शिंपले हेच शिक्षणाचे साहित्य मानण्याची त्यांची दृष्टी आम्हाला आजही उपयोगी पडते. मोहाची फुले, पळसाची पाने, भाताचे तूस समोर ठेवले की जे मूल एरवी गप्प बसते, तेही बोलू लागते; मात्र त्याने आपल्या बोलीत सांगितलेले मी ‘चूक’ म्हणत नाही. त्याचे वाक्य चित्राखाली जसेच्या तसे लिहिते, त्यावर बोट फिरवत वाचून दाखवते आणि मग तीच गोष्ट मराठीतही सांगते. आपण बोललेलेच कागदावर उतरते, हे उमगल्यावर मुले स्वतः चित्र घेऊन येतात आणि ‘माझे लिहा’ असा आग्रह धरतात.

पालक, नागपूर

आमचा मुलगा सारख्या आवाजांचे शब्द सतत गोंधळायचा. कानाच्या डॉक्टरांनी तपासल्यावर पडद्यामागे पाणी साचल्याचे निदान झाले आणि उपचारानंतर त्याचे बोलणे पुष्कळ स्पष्ट झाले. मूल मागे पडते आहे असे वाटल्यास आधी कान आणि डोळे तपासून घ्यावेत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पालक, न्यू जर्सी

इथल्या मराठी शाळेत मुलगी अक्षरे शिकते, परंतु घरातली आमची मराठी ‘चल’, ‘जेव’, ‘झोप’ एवढ्यापुरती राहू लागली होती. आता रोज एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचतो, ओळखीच्या शब्दाआधी थांबतो आणि ‘तो का रुसला असेल?’ असे विचारतो. रुसणे, हिरमुसणे, हेवा वाटणे हे शब्द तिला अशाच प्रश्नांमुळे मिळाले. आजीशी व्हिडिओवर बोलताना तीच गोष्ट ती स्वतःच्या शब्दांत सांगते, तेव्हा तिला किती उमगले आहे हे आम्हाला नेमके कळते.

आजोबा, सातारा जिल्हा

वस्तूंची नावे सगळेच शिकवतात, पण क्रियापदांकडे आपले दुर्लक्ष होते. धान्य निवडणे, पाखडणे, कांडणे, भरडणे, दळणे यांतला फरक नातीने आजीच्या शेजारी बसून हाताने शिकला. वाचनाची गोडी मात्र तिला एस.टी.च्या पाट्यांमुळे लागली. ‘वाई’ आणि ‘कराड’ तिने सर्वांत आधी वाचले. सध्या ती ‘स्वारगेट’पाशी थांबते. जोडाक्षर तिला कसे समजवावे, हे सोलापूरच्या बाईंनी कृपया सांगावे.

पहिलीच्या शिक्षिका, सोलापूर

आजोबा, आधी पाटी बाजूला ठेवावी. स्वयंपाक, स्वच्छ, स्वेटर, स्वस्त हे शब्द तिच्याकडून बोलून घ्यावेत आणि सुरुवातीचा समान आवाज तिलाच ओळखू द्यावा. तो कानांना पक्का झाल्यावर अर्धा स आणि पूर्ण व वेगवेगळ्या कागदांवर लिहून एकमेकांना चिकटवून दाखवावेत. काना तिला येतोच, त्यामुळे ‘स्वा’ ती स्वतः जुळवेल.