स्टारक्राफ्ट: झर्गच्या पहिल्या हल्ल्यातच बेस जातो, काय करू?

रात्रपाळी: स्टारक्राफ्टच्या ब्रूड वॉर या संगणकावरच्या युद्धखेळात टेरन (माणसांची बाजू) खेळतोय, समोर झर्ग (किड्यांसारख्या परग्रहवासीयांची बाजू). माझा पहिला मरीन (बंदूकधारी सैनिक) बाहेर येतो न येतो तोच सहा झर्गलिंग (झर्गचे छोटे हल्लेखोर) येऊन एससीव्ही (माझे कामगार) कापायला लागतात. आधीच इतकं सैन्य कुठून आणतात हे लोक?

टेरनप्रेमी: हा ‘फोर पूल’. सुरुवातीच्या चार ड्रोनवर (झर्गच्या कामगारांवर) समोरचा थांबतो, नवा एकही काढत नाही, आणि २०० मिनरल (कामगार खणून आणतात ती खनिजं, त्यातूनच सगळं विकत घ्यायचं) साठले की थेट स्पॉनिंग पूल (झर्गलिंग काढायला लागणारी इमारत) टाकतो. मग ५० मिनरलच्या एका अंड्यातून दोन झर्गलिंग निघतात. पण ड्रोन कमी, म्हणजे त्याची कमाई कायम तुटपुंजी राहते. तू हा पहिला झटका झेललास की डाव तुझा, हे डोक्यात पक्कं ठेव.

एक एससीव्ही लवकर टेहळणीला पाठव. पूल दिसला की बाकीचे मिनरलजवळ गोळा कर, विखुरलेले असले की एकेक करून मरतात. मरीन त्यांच्या मागे उभा कर. पुढे एससीव्हींची भिंत, मागून गोळ्या. बंकर बांधायला वेळ मिळाला तर मिनरलला खेटून बांध, चार मरीन आत मावतात आणि एससीव्ही बाहेरून डागडुजी करत राहतो. मला तर टेरनची सगळ्यात देखणी लढाई हीच वाटते, अणुबॉम्बपेक्षाही!

जुनाखेळाडू: बेसकडे येणाऱ्या उताराचं तोंड बॅरॅक्स (मरीन तयार करणारी इमारत) आणि सप्लाय डेपोने (रसदीच्या कोठाराने) बंद करूनही बघ. बाहेर पडायचं झालं की बॅरॅक्स हवेत उचलता येते. नकाशाप्रमाणे फट राहते, ती आधी एकट्याने खेळून तपास.

रात्रपाळी: आज रात्रीच करतो. रीप्ले टाकतो इथे.