एचईआर-२ '२+' आलंय, मग फिश कशाला?

प्रश्न: आईच्या स्तनातल्या गाठीचा बायोप्सी रिपोर्ट आला, एचईआर-२ '२+'. डॉक्टर म्हणतात, फिश ही जनुकाची तपासणी करा, मग औषध ठरवू. पुन्हा सुई टोचणार का?

उत्तर: नाही हो. मेणात जपलेल्या त्याच तुकड्याचा नवा काप घेतात. मी लॅबमध्ये हेच बघते. आधीच्या तपासणीत पेशीच्या कडेवरचं एचईआर-२ हे प्रथिन तपकिरी रंगतं. '३+'ला कडा गडद, ठसठशीत. '२+'ला फिकट, त्यावर निकाल देणं म्हणजे जुगार. फिशमध्ये त्या प्रथिनाच्या जनुकाच्या प्रती ठिपक्यांसारख्या चमकतात, त्या अंधारात बसून मोजायच्या (मान अवघडते!). हे जनुक ज्यावर असतं त्या १७व्या गुणसूत्राच्या ठिपक्यांच्या दुप्पट भरल्या, तर बहुधा पॉझिटिव्ह.

दुसरं उत्तर: पॉझिटिव्ह आलं तर एचईआर-२ला रोखणारी ट्रास्टुझुमॅबसारखी औषधं मिळतात. थांबा थोडं.

प्रश्नकर्ता: लॅब बदलतोय. रंगवलेली स्लाइड चालेल?

उत्तर: तुकडा जपलेला मेणाचा ब्लॉकच मागा.