कमी आवाजाचा, परवडणारा एसएमपीएस सुचवा (बजेट ४,०००)

वाचनताई_डोंबिवली
नमस्कार मंडळी. मी दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी अकरावी-बारावीची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. घर दोन खोल्यांचं. रात्री अकरानंतर रस्ता शांत झाला की बसते, आणि नेमकी तेव्हाच कॉम्प्युटरची घरघर माइकमध्ये उतरते. सॉफ्टवेअरने ती काढली की माझा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. मुलं तासन्‌तास ऐकतात, त्यांना तसलं काही द्यायला मन धजत नाही.

मशीन: रायझन ५ ५६००जी, १६ जीबी रॅम, एसएसडी. ग्राफिक्स कार्ड नाही. एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा, आत पंखा असलेला डबा) कॅबिनेटसोबतच आलेला, स्टिकरवर ४५० वॅट, ब्रँड कधी न ऐकलेला. दुकानदार म्हणतो ७५० वॅटचाच घ्या. काय करू?

नाशिक_ओव्हरक्लॉक
७५० ची अजिबात गरज नाही. ५६००जी फार तर ८८ वॅट ओढतो. बाकी सगळं धरून पूर्ण लोडवर मशीन सव्वाशे-दीडशेच्या आत राहील, रेकॉर्डिंग करताना तर ४०-५० वॅट. चांगल्या कंपनीचा ५५० घ्या. पुढे मध्यम ग्राफिक्स कार्ड लावलंत तरी पुरेल.

सोल्डर_आणि_चहा
ताई, खरेदीआधी एक काम करा. वर्तमानपत्राची घट्ट सुरळी करा, एक टोक कानाला आणि दुसरं पाळीपाळीने प्रत्येक पंख्याजवळ धरा (पंख्याला टेकवू नका). कॅबिनेटचा मागचा पंखा, प्रोसेसरचा पंखा, एसएमपीएसची जाळी. घरघर कुठून येते ते दोन मिनिटांत कळेल. प्रोसेसरच्या पंख्याचा आवाज असेल तर बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) त्याचा वेग उतरवून फुकटात काम होईल.

एसएमपीएसच निघाला, तर वॅटपेक्षा पंखा बघा. स्वस्तातल्या पुष्कळ एसएमपीएसमध्ये मागच्या बाजूला ८० मिमीचा छोटा पंखा असतो. तेवढीच हवा ढकलायला त्याला जास्त वेगाने फिरावं लागतं, म्हणून तो किरकिरतो. १२० मिमीचा पंखा सावकाश फिरूनही तेवढी हवा देतो. बेअरिंगही विचारा: साधं स्लीव्ह बेअरिंग उष्णतेने सुकतं आणि दोन-तीन वर्षांत घरघरायला लागतं. हायड्रो किंवा फ्लुइड बेअरिंग जास्त टिकतं.

एसएमपीएसवरचा ब्राँझ-गोल्ड हा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, आवाजाबद्दल काही सांगत नाही. ११५ व्होल्टच्या कसोटीत अर्ध्या लोडवर ब्राँझला निदान ८५ टक्के आणि गोल्डला ९० टक्के कार्यक्षमता लागते. तुमच्या ५० वॅटवर हा फरक जेमतेम तीन-चार वॅट उष्णतेचा. त्यासाठी दुप्पट पैसे घालू नका. आवाजासाठी सायबेनेटिक्स या एसएमपीएस तपासणाऱ्या संस्थेची लॅम्डा श्रेणी बघा. ए प्लस म्हणजे सरासरी १५ ते २० डेसिबल, ए म्हणजे २० ते २५.

तुमच्या बजेटच्या आसपास कूलर मास्टर एमडब्ल्यूई ५५० ब्राँझ व्ही२, डीपकूल पीके५५०डी, एमएसआय ए५५०बीएन हे तिन्ही बघा. तिघांतही १२० मिमीचा पंखा आहे. भाव रोज हलतात, दोन-तीन ठिकाणी विचारा आणि वॉरंटीचं बिल जपून ठेवा. पुढे कधी पैसे जमले तर सीसॉनिकच्या फोकस जीएक्समध्ये कमी लोडला पंखा पूर्ण थांबवायची सोय आहे. तुमच्या कामात तो बहुतेक वेळ बंदच राहील.

वाड्यातला_मेकॅनिक
नवीन कशाला? एसएमपीएस उघडून पंख्याच्या मधोमध मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडा. मी केलंय, वर्षभर गप्प आहे.

सोल्डर_आणि_चहा
दादा, कृपा करून हा सल्ला कुणाला देऊ नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या भागावर) तीनशेहून जास्त व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकतो. स्वस्त मालात तो उतरवणारा रेझिस्टर नीट असेलच, याची खात्री नाही. मी एकदा घाई केली होती. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला खड्डा पडला आणि तास‌भर हात थरथरत होता. ताई, तुम्ही ते झाकण उघडायचंच नाही.

वाचनताई_डोंबिवली
सुरळी लावून ऐकलं. प्रोसेसरचा पंखा नुसता सुळसुळतो, घरघर एसएमपीएसचीच. पण एक नवीन कळलं: हेडफोन लावून मोकळं रेकॉर्डिंग ऐकलं तर घरघरीच्या खाली एक बारीक, सलग ‘गुंऽऽ’ आहे. आणि कॅबिनेटच्या स्क्रूला बोट लागलं की झिणझिण्या येतात. मला वाटायचं सगळ्यांकडे असंच असतं.

नाशिक_ओव्हरक्लॉक
ताई, ते अर्थिंग नसल्याचं लक्षण आहे! एसएमपीएसच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर बॉडीवर साधारण निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब तरंगत राहतो. त्यातून करंट अगदी किरकोळ जातो, पण माइकच्या वायरीत ५० हर्ट्‌झचा गुंजारव शिरायला तेवढा पुरे. नवा एसएमपीएस आणलात तरी हा जाणार नाही. आधी इलेक्ट्रिशियन बोलावा आणि भिंतीतला प्लग व एक्स्टेन्शन बोर्ड, दोन्हींची अर्थिंग तपासून घ्या. कित्येक बोर्डांत तिसरं भोक नुसतं दाखवायला असतं.

सोल्डर_आणि_चहा
अगदी बरोबर, माझ्या ध्यानात यायला हवं होतं. आणि कॅबिनेट टेबलावर असेल तर खाली, माइकच्या पाठीमागच्या बाजूला ठेवा. पण एसएमपीएस खाली बसणारं कॅबिनेट असेल तर गादीवर किंवा सतरंजीवर नको, हवेची जाळी बुजते आणि पंखा आणखी जोरात फिरतो.

वाचनताई_डोंबिवली
उशिरा लिहितेय. बोर्डात अर्थिंगची वायर जोडलेलीच नव्हती, स्क्रूवर मोकळी लोंबत होती. इलेक्ट्रिशियनने दहा मिनिटांत जोडली, ‘गुंऽऽ’ गेला, झिणझिण्याही गेल्या. दुसऱ्या दिवशी लॅमिंग्टन रोडला जाऊन कूलर मास्टरचा ५५० आणला, बजेटमध्ये बसला. दुकानातल्या मुलाने समोरच बसवून दिला. जुना हातात घेतला तर नव्याच्या निम्म्याही वजनाचा नव्हता. तो आता ई-कचऱ्यात जाईल.

काल रात्री इतिहासाचा धडा वाचला. सॉफ्टवेअरने काहीच काढावं लागलं नाही. ऐकताना टिकटिक ऐकू आली म्हणून दचकले; ते भिंतीवरचं घड्याळ होतं, इतके दिवस ऐकूच आलं नव्हतं. ते आज स्वयंपाकघरात नेऊन लावलं. तुम्हा दोघांचे मनापासून आभार.