पॅरलल ग्राफ अल्गोरिदमच्या पीएचडीत एका कोअरशी तुलना सक्तीची हवी का?

बर्डीकर:
थिसिसमध्ये ‘32 कोअरवर 20 पट वेग’ (कोअर म्हणजे प्रोसेसरमधलं स्वतंत्र काम करणारं एकक) दिसलं की मी आधी विचारतो, कशाच्या 20 पट? बहुतेकदा उत्तर येतं, माझाच पॅरलल, म्हणजे अनेक कोअरमध्ये काम वाटणारा, कोड एका कोअरवर चालवला त्याच्या. पण तो तर कोअरनी एकमेकांचा डेटा बिघडवू नये म्हणून घातलेल्या लॉक आणि अ‍ॅटॉमिकच्या ओझ्यानं आधीच संथ झालेला असतो. 2015 मध्ये मॅकशेरी, आयझर्ड आणि मरे यांनी यावरच बोट ठेवलं. ट्विटरच्या जवळपास 147 कोटी एजच्या (जोडण्यांच्या) ग्राफवर, म्हणजे जाळ्यावर, कनेक्टेड कंपोनंट (एकमेकांशी जोडलेले गट) काढायला 128 कोअरच्या सिस्टिमला चार मिनिटं लागत होती, त्यांनी एका कोअरवर युनियन-फाइंडनं (गट एकत्र करत जाणाऱ्या पद्धतीनं) ते 15 सेकंदांत उरकलं. उत्तम सिक्वेन्शिअल (एका कोअरसाठीच लिहिलेल्या) कोडशी तुलना नसेल तर गाइडनं चॅप्टर परतच पाठवावा.

थ्रेडवाली:
दादा, त्यांनी झोडपलेल्या बहुतेक सिस्टिम अनेक मशिनवर पसरलेल्या होत्या. एकाच मशिनच्या शेअर्ड (सगळ्या कोअरच्या सामायिक) मेमरीत चित्र वेगळं असतं. 2018 मध्ये धुलिपाला, ब्लेलॉक आणि शुन यांनी सुमारे 350 कोटी पानांचा हायपरलिंक ग्राफ 72 कोअर आणि 1 टीबी मेमरीच्या एका मशिनवर चालवला. एका कोअरवर तेच करून बघा!

संत्रावाला:
72 कोअर आपल्या लॅबमध्ये आहेत कुठे बे? अन् ग्राफ कोणता, ते आधी सांगा. नागपूरच्या रस्त्यांचा घेतला अन् झिरो माइलपासून बीएफएस (एकेक लेव्हल, म्हणजे टप्पा, बाहेर सरकणारा शोध) सोडला, तर एका लेव्हलला मोजकेच चौक लागतात. बहुतेक कोअर माशा मारत बसतात, वरून दर लेव्हलला बाकीचे कोअर पोचेपर्यंत बॅरिअरवर थांबणं आहेच. सोशल नेटवर्कमध्ये दोन-चार लेव्हलमध्येच लाखो नोड (बिंदू) हाती येतात. थिसिसमध्ये फक्त तेच ग्राफ दिसले की मला शंका येते.

थ्रेडवाली:
रस्त्यांचं मान्य. जोडण्यांना वजनं (लांबी वगैरे) असली तर डेल्टा-स्टेपिंग आहे, त्यात डेल्टाएवढ्या अंतराच्या टप्प्यातले नोड एकदम हाताळतात, पण डेल्टा मोठा घेतला की फुकटचं काम वाढतं, लहान घेतला की डायक्स्ट्राच्या जवळचा रस्ता शोधायच्या पद्धतीसारखं एकेक नोड. माझा विरोध सक्तीला आहे. ठरलेल्या क्रमाची डीएफएस (एक वाट शेवटपर्यंत जाऊन मग मागं फिरणारा शोध) पी-कंप्लीट, म्हणजे पॅरलल करून फारशी वेगवान होणं जवळपास अशक्य, आहे, हे राइफनं 1985 मध्येच दाखवलं. अशा प्रश्नाशी झुंजणाऱ्याचा चॅप्टर एका कोअरशी हरला म्हणून परत पाठवायचा?

बर्डीकर:
हरला तर हरला, आकडा छापा ना! टेबलात एक कॉलम वाढला तर काय बिघडते?

थ्रेडवाली:
त्या एका कॉलमसाठी दुसऱ्याचा सगळ्यात वेगवान कोड आपल्या मशिनवर, आपल्याच कंपायलरनं उभा करावा लागतो. त्यात महिना गेला तर फेलोशिप कोण वाढवून देणार, तुम्ही?